हॉइटचा तिसरा सूर

व्हान्स टिलरीला त्या गुरुवारी खरं तर एवढंच काम होतं. टँपाहून निघायचं, लेक वेल्सला जायचं, एका म्हातारीच्या घरून एक मशीन उचलायचं आणि दुपारचा पाऊस कोसळायच्या आत परत फिरायचं. आमच्या मध्य फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपार कलली की आभाळ फाटतंच. तेव्हा सगळी कामं त्याच्या आधी उरकायची सवय इथे सगळ्यांनाच असते.

फक्त एक भानगड होती. म्हातारीची अट होती की मशीन बंद करायचं नाही. चालू असतानाच उचलायचं, चालू ठेवूनच गाडीत घालायचं आणि चालूच घरी न्यायचं. दुसरा कोणी असता तर फोनवरच हसला असता. व्हान्स हसला नाही. त्याने आपल्या व्हॅनमध्ये एक जाडजूड बॅटरी बसवली, इन्व्हर्टर जोडला, वायरी तपासल्या आणि निघाला.

याचं कारण असं की व्हान्स हा माणूसच तसला होता. ब्रेकबीट करायचा. म्हणजे जुन्या तबकडीतला ड्रमचा एखादा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक बारीक काप करायचे आणि ते उलटसुलट जोडून असा ठेका बांधायचा की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलले पाहिजेत. एके काळी टँपापासून ऑर्लँडोपर्यंतची पोरं त्याच्या रेकॉर्डवर घामाघूम होईस्तोवर नाचत. आता ती पोरं आजोबा व्हायला आली, पण व्हान्सचं वेड काही गेलं नाही. आणि वेड तरी कसलं? तर ड्रमच्या वर जे सूर वाजायचे ते फक्त जुन्या, लाकडी पेटीतल्या, गरम होणाऱ्या, विजेवर सूर काढणाऱ्या सिंथेसायझरचेच हवेत. कॉम्प्युटरमध्ये तोच आवाज फुकट मिळतो असं कोणी म्हणालं की हा माणूस जेवता जेवता उठून जाई. त्याची बायको सोडून गेली तेव्हा म्हणाली होती, "या घरात मी भर जुलैत स्वेटर घालून बसते, कारण तुझ्या मशिनींना उकडतं." ती काही खोटं बोलत नव्हती.

मशिनींना उकडतं हे मात्र खरं. त्यांचा सूर जागेवर राहत नाही. ऊब लागली की उतरतो, गारवा आला की चढतो. आणि दुसरं म्हणजे त्यांना आठवण नसते. आज नॉब फिरवून एखादा आवाज जमवला आणि उद्या कोणी तोच नॉब केसभर हलवला, की तो आवाज गेला तो गेलाच. म्हातारीकडचं मशीन याच जातीचं होतं.

मिस ओपल स्ट्रिकलंड दारातच उभ्या होत्या. आमच्याकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने मिसच म्हणतात. ऐंशीच्या आसपासच्या, काटकुळ्या, ओठांना लाल लिपस्टिक. घरात सगळीकडे खोकी बांधून ठेवलेली. घर एका बिल्डरने घेतलं होतं. भोवतालच्या संत्र्यांच्या बागा रोगाने कधीच वाळून गेल्या होत्या आणि आता तिथे एकसारख्या घरांच्या रांगा येणार होत्या. दुपारी मुलगी गाडी घेऊन येणार आणि मिस ओपलना शेजारच्या जॉर्जिया राज्यात आपल्याकडे घेऊन जाणार. उद्या घराची वीज कापणार.

"फोनवर आवाज तरुण वाटला होता रे तुझा," त्याला खालून वर न्याहाळत त्या म्हणाल्या.

"फोन चांगला आहे माझा, मिस ओपल."

"ये आत. शेंगा उकडल्यात. रिकाम्या पोटी ते धूड उचलशील आणि माझ्याच दारात पडशील."

व्हान्स आत आला आणि थबकला. तो आवाज त्याला आधी कानांनी नाही, पायाच्या तळव्यांना कळला. मागच्या खोलीतून एकच खोल सूर येत होता. न थांबणारा. पण नुसता सरळ नाही, त्याला एक हेलकावा होता. व्होंव... व्होंव... व्होंव... असा सावकाश.

हा सूर त्याच्या ओळखीचा होता. बारा-तेरा वर्षांचा असताना तो स्ट्रिकलंडांच्या स्केटिंग रिंकमध्ये, म्हणजे चाकांचे बूट घालून गाण्यावर गोल फिरायच्या हॉलमध्ये, जायचा. भाड्याचे स्केट, ओल्या मोज्यांचा वास, वर फिरणारे रंगीत दिवे आणि चार पायऱ्या वर काचेच्या केबिनमध्ये बसलेला मिस ओपलचा नवरा, आडदांड हॉइट स्ट्रिकलंड. रेकॉर्ड लावता लावता हॉइट मध्येच आपल्या मशीनवरून असा एखादा सूर सोडायचा की लाकडी फरशी थरथरायची. व्हान्सचं आयुष्य ज्याने बिघडवलं, की घडवलं, तो हाच सूर.

"केव्हापासून चालू आहे हे?" त्याने विचारलं.

"हॉइट गेला तेव्हापासून. पाच-सहा वर्षं झाली असतील."

"आणि मध्ये एकदाही...?"

"वीज गेली की बॅटरीवर. वादळ आलं की जनरेटरवर. मुलीला हे तिच्या घरात नको, म्हणून तर तुला बोलावलं. म्हणते, मम्मा, तुझं डोकं फिरलंय." त्यांनी शेंगांचा वाडगा त्याच्या हातात दिला. "फिरलं असेल. पण माझंच आहे ना?"

मागची खोली लहानशी, खिडक्या बंद, एसीची संथ घरघर. मशीन भिंतीला काटकोनात लावलेलं, कपाटाएवढं. एक पट्टी खाली दाबून राहावी म्हणून तिच्यावर मासेमारीच्या गळाचं शिसं ठेवलेलं. प्रत्येक नॉबवर निळी चिकटपट्टी. समोर मिस ओपलची आरामखुर्ची. बाकी सगळं घर खोक्यांत गेलं होतं, पण ही खोली तेवढी तशीच होती.

व्हान्सने डोळे मिटून ऐकलं. मशीनमध्ये सूर काढणारे तीन भाग होते आणि तिघांनी मिळून एकच सूर धरायचा होता. दोघांनी तो पक्का धरला होता. तिसरा किंचित खाली होता. तो हेलकावा त्यामुळेच येत होता. दोन सूर जवळ जवळ असले पण एक नसले, की ते असे एकमेकांना ढकलत राहतात.

"तिसरा सूर लावायचा राहिलाय," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. तो तसाच राहू दे." मिस ओपल खुर्चीत बसल्या. "त्या संध्याकाळी हॉइट तोच लावत बसला होता. छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली, त्याला स्ट्रेचरवर घातलं, तरी मला म्हणतो, हे बंद करू नकोस, ओपल, मी आलो की लावतो. जन्मात कधी उतरलेला सूर तसा टाकून उठला नाही तो माणूस. जेवण निवायचं, पाहुणे ताटकळायचे. मी किती भांडलेय यावरून! रिंकमध्ये शेवटचं गाणं जोडप्यांचं असायचं. सूर लागला की हा केबिनमधून खाली यायचा आणि माझा हात धरून एक फेरी मारायचा. आणि नाही लागला, तर मी आपली नाड्या बांधून कठड्याला उभी. गाणं संपायचं, दिवे लागायचे, पोरं घरी जायची... आणि हा वरच. माझी सवत आहे ती, सवत!"

व्हान्सला हसू आलं. त्याही हसल्या. मग हसता हसताच त्यांनी बोट वर केलं.

"ऐक. आला."

हेलकावा बदलला होता. सावकाश चाललेला व्होंव... व्होंव... आता दाट झाला. तिसरा सूर आणखी खाली चालला होता. घसरत घसरत एका जागी येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

"हॉइट जवळ उभा राहिला की सूर उतरतो," मिस ओपल हळू आवाजात म्हणाल्या. "थोडा वेळ थांबतो आणि जातो. दिवसातून तीन-चारदा. सूर लागला नाही ना अजून... म्हणून येतो बिचारा. म्हणून तर म्हणते, बंद करायचं नाही आणि लावायचा तर मुळीच नाही. लागला की त्याचं काम संपलं. मग कशाला येईल तो माझ्याकडे?"

व्हान्सला म्हातारीची दया आली, पण खरं सांगायचं तर दयेपेक्षा त्याला खाज सुटली. चौकसपणाची खाज. ती त्याला लहानपणापासून होती आणि तिच्यापायी त्याने आईचे दोन रेडिओ मोडले होते.

"स्वयंपाकघरात तापमान बघायचं काही आहे का?"

"टर्की भाजताना तिच्यात खुपसायचं आहे."

"चालेल."

टर्कीचा थर्मामीटर त्याने मशीनच्या माथ्यावर ठेवला. थोड्या वेळाने तिसरा सूर आपला वर परतला, पण खोलीचं तापमान जागचं हललं नाही. एसीच्या झोतासमोर हात धरून पाहिला, झोत सरळ एकसारखा येत होता. विजेचा दाब कमीजास्त होत असेल म्हणावं, तर तिन्ही सूर हलले असते. हलत होता तो एकटा तिसरा. तिसऱ्याचा भाग पेटीच्या डाव्या टोकाला होता. व्हान्सने आपला तळहात त्या टोकाजवळ नेला, न टेकवता. थोड्या वेळाने सूर खाली सरकला. हात काढला, सूर वर आला. म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब त्याला लागत होती. रात्रभर मशीनवर ओणवा होऊन काम केलं की हेच होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मग तो मागे सरकला, पलीकडच्या भिंतीपर्यंत. मिस ओपल समोर खुर्चीत. डाव्या टोकाला कोणी नाही. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा, आणि त्या जागेत गालिचा झिजलेला.

सूर खाली सरकू लागला.

व्हान्सला भीती वाटली का? वाटली. पण पळावंसं वाटलं नाही, उलट आणखी जवळ जावंसं वाटलं. तो एक पाऊल पुढे झाला आणि त्याला वास आला. विंटरग्रीनचा. कंबरेला चोळायच्या मलमाला येतो ना, तसा. हॉइट स्ट्रिकलंड गालात तंबाखू धरून बसायचा आणि तिला हाच वास असायचा. केबिनच्या खिडकीशी गाण्याची फर्माईश घेऊन गेलं की तो नाकात घुसायचा.

"येतोय का वास?" मिस ओपलनी विचारलं.

"...हो."

"मुलीला येत नाही."

तेवढ्यात बाहेर ढग गडगडले. मिस ओपल उठल्या. वाळत घातलेली चादर मागच्या पडवीत राहिली होती. "तू वायरी जोडायला लाग. आणि त्याला हात लावू नकोस बरं का."

"नाही लावत."

आणि त्याचा इरादाही तसाच होता. त्याने व्हॅनमधून वायर ओढून आणली, मशीनच्या मागे वाकून ती जोडली, पुन्हा समोर आला. वास गेला होता. तिसरा सूर आपल्या जुन्या जागेवर आला होता, किंचित खाली. व्होंव... व्होंव... व्होंव... खिडकीच्या काचेवर पावसाचे पहिले थेंब पडत होते. वायर नीट बसली का हे बघायला तो ऐकत उभा राहिला. ऐकता ऐकता त्याच्या डोक्यात नेहमीचं सुरू झालं. थोडा वर. अगदी थोडा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सांगूनही? पण या लोकांना विचारा. वीस-पंचवीस वर्षं ज्याने रोज सकाळी उठून दात घासायच्या आधी सूर लावलेत, त्याच्यासमोर उतरलेला सूर ठेवणं म्हणजे आईसमोर रडतं मूल ठेवण्यासारखं आहे. हात आधी जातो, डोकं मागून येतं. चिकटपट्टीचं टोक केव्हा सुटलं, बोटं नॉबवर केव्हा गेली, हे व्हान्सला कळलंच नाही. त्याला कळलं ते एवढंच की हेलकावा मंद झालाय. व्होंव... मग बराच वेळाने व्होंव... मग आणखी मंद...

आणि थांबला.

तिन्ही सूर एक झाले. फरशीखालून जणू एक सरळ, सपाट रेघ निघाली. इतका नेमका लागलेला सूर व्हान्सने आयुष्यात ऐकला नव्हता आणि क्षणभर, देवाशपथ, त्याला फक्त आनंद झाला.

मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"काय केलंस?" मिस ओपल दारात उभ्या होत्या. चादर अर्धी जमिनीवर लोळत होती. "व्हान्स... काय केलंस तू?"

"मिस ओपल, मी... माझा हात..."

"लावलास?"

त्याने मान खाली घातली. मग घाईघाईने नॉब उलटा फिरवला. हेलकावा आला, पण भलताच, भरभर. थोडा इकडे, थोडा तिकडे. "असा होता का? की असा?" मिस ओपल नुसत्या मान हलवत होत्या. नेमका कुठे होता, कोणाला माहीत! यंत्राला आठवण नाही आणि माणसाची आठवण तेवढी बारीक नसते. शेवटी त्याच्या बोटांनी सूर पुन्हा इतर दोघांशी जुळवूनच सोडला. दुसरीकडे कुठे ठेवावा हे त्या बोटांना सुचतच नव्हतं.

दोघं वाट पाहत बसले. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, दुपारची संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती. सूर जराही हलला नाही. वास आला नाही. टर्कीचा थर्मामीटर तेच तापमान दाखवत बसला.

मिस ओपल रडल्या. आवाज न करता, लिपस्टिक पुसून जाईस्तोवर रडल्या. व्हान्सला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं या बाईने वादळं काढली, जनरेटरच्या पेट्रोलची डबडी ओढली, मुलीची बोलणी खाल्ली आणि हे सगळं ज्याच्यासाठी, तेच त्याने येऊन शेंगा खाता खाता घालवलं.

"बंद कर ते," डोळे पुसून त्या म्हणाल्या.

"मिस ओपल, कदाचित अजून..."

"लागला रे सूर आता. कोणासाठी चालू ठेवू? बंद कर आणि घेऊन जा. तुझंच आहे ते."

ज्या मशीनसाठी तो आयुष्यभर तरसला होता, ते मिळत होतं आणि त्याला ते नकोसं झालं होतं. त्याने शिसं उचललं आणि खटका खाली केला.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते घर गप्प झालं. पाऊसही ओसरला होता. पन्हाळीतून पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज. व्हान्स खाली बसून वायरी गुंडाळू लागला. वर बघायचा धीर होत नव्हता.

"व्हान्स..."

"बोला, मिस ओपल."

"तू माझा हात धरलायस का?"

त्याने वर पाहिलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. उजवा हात खुर्चीच्या हातावरून उचललेला, बाजूला धरलेला, बोटं अर्धवट वळलेली. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

"नाही, मिस ओपल... मी इथे आहे. मशीनजवळ."

"मग गप्प बस जरा."

वायरीचं वेटोळं त्याच्या हातात तसंच राहिलं. मिस ओपलचा चेहरा त्याने तेव्हा पाहिला आणि पुढे कोणी कितीही विचारलं तरी त्याला तो कधी सांगता आला नाही. एवढंच म्हणायचा की म्हातारी ऐंशीची दिसत नव्हती.

"मीच त्याला तिथे अडकवून ठेवला होता," त्या पुटपुटल्या. "मीच... एवढी वर्षं, वर केबिनमध्ये... आणि मला वाटायचं येतोय, येतोय. अरे माझ्या देवा! सूर लागल्याशिवाय खाली कसा येईल तो?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुलगी आली होती. लूअॅन, पन्नाशीची, दिवसभर गाडी चालवून वैतागलेली. तिने आत येऊन आधी कान टवकारले.

"बंद झालं? खरंच? बरं झालं बाई! मम्मा, चल, उजेड आहे तोवर निघू."

मिस ओपल निघाल्या. चालताना उजवा हात अंगापासून थोडा दूर, तसाच. खोकी गाडीत चढली. लूअॅनने पुढचं दार उघडून धरलं, तर मिस ओपल मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"मागे कशाला? पुढे बस की, पाय पसरून."

"मागे बसलं की तुझ्या बापाला मळमळतं."

लूअॅनने व्हान्सकडे बघून डोळे फिरवले. व्हान्स हसला नाही. तिने दार लावलं, वळसा घालून स्टिअरिंगवर बसली आणि गाडी सुरू केली. टिंग, टिंग, टिंग असा आवाज सुरू झाला.

"आता याला काय झालं?" ती डॅशबोर्डकडे वाकली. "म्हणतंय, शेजारच्याने पट्टा लावला नाही. मम्मा, तुझी पर्स आहे का पुढे?"

"माझ्या मांडीवर आहे."

लूअॅनने रिकाम्या सीटवर हात फिरवला. काहीच नव्हतं. टिंग, टिंग, टिंग. "सेन्सर गेला वाटतं. हे असं जॉर्जियापर्यंत ऐकायचं?"

"पट्टा लाव ना त्याचा," मागून मिस ओपल शांतपणे म्हणाल्या. "स्वतःहून कधी लावत नाही तो."

लूअॅन चिडून वाकली, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. आवाज बंद झाला. गाडी मागे आली, वळली आणि ओल्या वाटेवरून व्हान्सच्या अगदी जवळून पुढे गेली. मिस ओपलनी डावा हात हलवला. व्हान्सनेही हलवला, पण त्याची नजर पुढच्या सीटच्या काचेवर होती. रिकाम्या सीटवर पट्टा असा पाठीला चिकटून सपाट बसायला हवा. तो तसा बसला नव्हता. चांगल्या आडदांड माणसाच्या पोटावरून गेल्यासारखा तो पुढे ताणला होता, आणि अगदी सावकाश वर-खाली होत होता.